उणे ३० फॅरनहाइटला परसातल्या कोंबड्या आणि बदकं: खुराड्यात दिवा लावावा का?

हिमगौरी | ९ जानेवारी, रात्री ९:१४

मंडळी, मदत हवी आहे, तीही जरा घाईने.

आम्ही मिनेसोटात, सेंट क्लाउडच्या थोडं बाहेर राहतो. एप्रिलमध्ये कोंबडीची पिल्लं आणली, जूनमध्ये बदकाची. आता दोन पांढऱ्या लेगहॉर्न, दोन वायनडॉट, एक ब्रह्मा, एक ऱ्होड आयलंड रेड आणि तीन पेकिन बदकं असा संसार आहे. सगळ्यांचा हा पहिलाच हिवाळा. उणे १० फॅरनहाइटपर्यंत निभावलं. पुढच्या गुरुवारपासून रात्री उणे ३० सांगतायत, वर वारा वेगळा.

खुराडं लाकडी आहे, ६ बाय ८ फूट, भिंतींत थर्माकोल भरलेला. नोव्हेंबरात सगळ्या फटी फोमने बुजवल्या, छपराखालच्या जाळीच्या झडपांवर प्लास्टिक ठोकलं. वारा अजिबात शिरत नाही. सकाळी दार उघडलं की आत बरंच ऊबदार लागतं. खिडकीच्या काचेवर मात्र आतल्या बाजूने बर्फाचा थर असतो, तो खरवडून टाकते. बदकांना रात्री पाणी लागेल म्हणून बादली आतच ठेवते.

प्रश्न असा: दिवा लावू की नको? शेतीसामानाच्या दुकानात २५० वॅटचा लाल बल्ब आणि चिमट्याने अडकवायची टोपी मिळाली. नवरा म्हणतो लावू. शेजारचे आजोबा म्हणतात, आमच्या शेतावर कधीच लावला नाही. मी मध्ये लटकलेय.

खवचट_खोत | ९ जानेवारी, रात्री ९:३१

बुधवारी रात्री रस्सा, गुरुवारी निवांत झोप. पुढचा प्रश्न?

हिमगौरी | ९ जानेवारी, रात्री ९:३५

खोत, तुमची वाटच बघत होते. त्यांना नावं आहेत हो. ब्रह्माचं नाव 'मावशी'. आता बोला.

विनिपेगकर | ९ जानेवारी, रात्री १०:२०

दिव्याचं नंतर बघू. आधी त्या झडपांवरचं प्लास्टिक काढा. आज रात्रीच काढा, बॅटरी घेऊन जा हवं तर.

काचेवर आतून बर्फ साचतो याचा अर्थ आत वाफ कोंडलेली आहे. नऊ जिवांचा श्वास, त्यांची विष्ठा (ताज्या विष्ठेत साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं) आणि वर तुमची बादली. ही वाफ काचेवर जमते तशी तुऱ्यावरही जमते. तुरा ओलसर झाला की तिथली कातडी गोठायला वेळ लागत नाही. आमच्याकडे मॅनिटोबात जानेवारीतल्या रात्री उणे २५ सेल्सियस ही काही बातमी नसते. कोरड्या खुराड्यातल्या कोंबड्या त्यात आरामात असतात, आणि दमट खुराड्यात उणे १० लाच तुऱ्यांची टोकं काळी पडलेली मी पाहिलीत. तुम्ही 'ऊबदार' म्हणताय ते बहुतेक दमट आहे.

वारा आणि खेळती हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झडप उंचावर हवी, छपराला लागून, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या बऱ्याच वर. गरम दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. कोंबडी बसते त्या उंचीला झुळूकही लागता कामा नये. तपासायचं कसं? टिश्यू पेपरची बारीक पट्टी फाडा आणि दांडीच्या पातळीला धरून थोडा वेळ उभ्या राहा. ती लटकून राहिली पाहिजे. मग हात वर करून झडपेपाशी धरा, तिथे ती हलली पाहिजे. दोन्ही झालं की तुमचं निम्मं काम झालं. वाऱ्याच्या दिशेची झडप वादळात बंद ठेवली तरी चालेल, समोरची उघडी ठेवा.

बादली बाहेर. यावर चर्चा नाही.

आणि दांडी कसली आहे? गोल काठी असेल तर बदला. २ बाय ४ इंचाची फळी रुंद बाजू वर करून लावा. कोंबडी तिच्यावर बसली की पायाची बोटं सपाट राहतात आणि पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकली जातात. गोल काठीला बोटं खालून गुंडाळली जातात आणि तीच टोकं गोठतात.

हिमगौरी | ९ जानेवारी, रात्री १०:५८

काका, आत्ताच जाऊन आले. दोन झडपा उघडल्या, बादली काढली. आत थर्मामीटरसोबत आर्द्रता दाखवणारं यंत्र आहे, मी ते कधी बघतच नव्हते. ८८ टक्के! दांडी गोलच आहे, उद्या फळी आणते.

तुमचं उणे २५ म्हणजे आमचं किती?

विनिपेगकर | ९ जानेवारी, रात्री ११:०४

उणे १३. उणे ४० ला दोन्ही मापं एक होतात, तोवर भांडत राहू.

पशुवैद्य_बाई | १० जानेवारी, सकाळी ७:४०

विनिपेगकरांना अनुमोदन. थोडी शास्त्राची भर घालते.

कोंबडीचं शरीर ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ही ऊब ती पिसं फुलवून राखते. पिसांच्या मुळाशी मऊ लव असते, तिच्यात हवा अडकते आणि ती थंडी आत येऊ देत नाही. पिसं ओली झाली किंवा वाऱ्याने विस्कटली की ही हवा जाते. म्हणून पाऊस-वारा आणि शून्याच्या आसपासचं तापमान हे कोरड्या उणे २० पेक्षा तिला जास्त जड जातं. उघडी राहतात ती तुरा, गळ्याखालची लाल लोंबती कातडी आणि पाय. रात्री डोकं पंखाखाली घातलं की तुराही झाकला जातो, पण लेगहॉर्नसारखा मोठा, एकेरी, कलंडलेला तुरा असला तर पूर्ण मावत नाही. तुमच्या यादीतल्या दोन लेगहॉर्नवर नजर ठेवा. वायनडॉटचा तुरा गुलाबासारखा चपटा असतो, ब्रह्माचा अगदी बुटका, त्यांची मला फारशी काळजी नाही.

व्हॅसलीनचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. तुऱ्याला लावल्याने नुकसान होत नाही, पण ज्या खुराड्यात ८८ टक्के आर्द्रता आहे तिथे ते वाचवणारही नाही. लावायचं तर पातळ लावा आणि पिसांना लागू देऊ नका, पिसं चिकटली की ऊब जाते.

ज्या कोंबड्या आत्ता पिसं गाळतायत, आजारी आहेत किंवा ज्यांच्या पाठीची पिसं कोंबड्याने उपटली आहेत, त्यांना मात्र हे सगळं लागू नाही. त्यांना गॅरेजमध्ये हलवा. घराच्या आत आणू नका. घरातल्या २० अंश सेल्सियसमधून उणे ३० फॅरनहाइटमध्ये परत सोडणं जास्त वाईट.

निफाडचा_पाटील | १० जानेवारी, दुपारी १२:१५

ताई, आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ वर आला की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो आणि आम्ही द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवतो. तुमचे आकडे वाचून अंगावर काटा आला. त्यामुळे थंडीवर मी काय बोलणार! पण आमचं लेयरचं (अंड्याच्या कोंबड्यांचं) शेड आहे, तेव्हा गादीवर बोलतो.

खाली काय अंथरलंय? लाकडाचा भुसा असेल तर चांगलं, पाइनच्या पातळ ढलप्या मिळाल्या तर उत्तम. थर वीतभर तरी हवा. रोज सकाळी दाताळ्याने खालवर करा. वरची विष्ठा खाली जाते, कोरडा भुसा वर येतो, आणि आत हळूहळू कुजायची क्रिया सुरू राहते, तिची थोडी ऊबही मिळते. मूठभर मका त्यात फेकलात तर कोंबड्याच उकरून हे काम करतात. ओला गोळा झालेला भाग मात्र फावड्याने उचलून बाहेर.

गादी बरी आहे की नाही हे कसं ओळखायचं? मूठभर भुसा घ्या आणि दाबा. हात उघडल्यावर तो हलकासा एकत्र राहून सुटला तर ठीक. लाडू झाला तर ओली. अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडी. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

आणि वास. उभं राहून वास घेऊ नका, गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळ्यांत चुरचुरलं तर अमोनिया झालाय. तो २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेला की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनळी खराब होते, मग त्या थंडीने नाही तर सर्दी-खोकल्याने जातात. आमच्याकडेही हिवाळ्यात जी मरतूक होते ती बऱ्याचदा यानेच. थंडी म्हणून रात्री पडदे पूर्ण पाडून टाकतात आणि सकाळी शेडमध्ये पाय ठेववत नाही. पडदा वरून हातभर उघडा ठेवायचा असतो, पण गडी ऐकत नाहीत.

खवचट_खोत | १० जानेवारी, दुपारी १२:४०

पाटील, तुम्ही रोज सकाळी गुडघ्यावर बसून वास घेता?

निफाडचा_पाटील | १० जानेवारी, दुपारी १२:५२

होय. आणि मग तुम्ही अंडा-करी खाता.

माया_ओहायो | १० जानेवारी, संध्याकाळी ६:०५

सगळे दिव्याचा विषय टाळताय म्हणून मीच काढते. मी खुराडं गरम करते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझ्याकडे सिल्की जातीच्या कोंबड्या आहेत. त्यांची पिसं रेशमासारखी असतात, एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे बाकीच्या कोंबड्यांसारखी हवा धरत नाहीत. शिवाय तीन म्हाताऱ्या आहेत. "कोंबड्या हजारो वर्षं थंडीत राहिल्या" हे वाक्य या फोरमवर दर वर्षी येतं. कोंबडीचा मूळ पूर्वज रानकोंबडा आग्नेय आशियातल्या जंगलातला, त्याने बर्फ कधी बघितला?

पण बल्ब नाही. मी भिंतीला लावायचा सपाट पॅनेल वापरते. तो हवा तापवत नाही, समोर बसलेल्या पक्ष्याला तेवढी ऊब देतो. ज्यांना हवी त्या जवळ जातात, नको त्या लांब बसतात. शून्य फॅरनहाइटच्या खाली गेलं की चालू, वर आलं की बंद.

लाकूडतोड्या | १० जानेवारी, रात्री ८:३०

बल्ब नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा कोणीतरी.

विस्कॉन्सिनमध्ये आमच्या पलीकडच्या शेतावर दोन वर्षांपूर्वी खुराडं जळालं. चिमट्याने अडकवलेला २५० वॅटचा बल्ब. कोंबडी फडफडत वर गेली असेल, किंवा चिमटा थंडीने ढिला झाला असेल, नक्की कारण कोणालाच कळलं नाही. कोरडा भुसा, धूळ, पिसं, कोळिष्टकं आणि वर तापलेली काच. सकाळी साडेपाचला आम्हाला उजेड दिसला. तोवर छप्पर बसलं होतं. खुराडं घराच्या भिंतीला टेकून असतं तर घरही गेलं असतं. मी अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे, जानेवारीत आम्हाला येणाऱ्या फोनांमध्ये असा एखादा असतोच.

अजून एक गोष्ट, जी दुकानात सांगत नाहीत: काही हीट बल्बच्या काचेवर फुटू नये म्हणून पीटीएफईचा थर असतो, तोच नॉनस्टिक तव्यावरचा. तापला की त्याचा धूर पक्ष्यांना जीवघेणा असतो. आपल्याला वासही येत नाही. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा.

हिमगौरी | १० जानेवारी, रात्री ९:१०

पीटीएफईचं वाचून खोकं पालथं केलं. आहे लिहिलेलं, मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात. बल्ब परत करणार. नवऱ्याला लाकूडतोड्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो गप्पच झाला.

माया, पॅनेलचं मनात होतं पण आमच्याकडे वादळात वीज जाते.

विनिपेगकर | १० जानेवारी, रात्री ९:४५

वीज हाच माझाही मुद्दा. थंडी वाढत जाते तशी कोंबडीची लव दाट होते, खाणं वाढतं, शरीर सवय लावून घेतं. ऑक्टोबरपासून सतत गरम खुराड्यात ठेवलेल्या कोंबडीला ती सवय लागत नाही, आणि वीज नेमकी जाते ती सगळ्यात थंड रात्री. माया शून्याच्या खालीच लावते आणि पक्ष्यांना निवड देते, तिच्याशी माझं भांडण नाही. सिल्कींना तर द्याच. पण हिमगौरीच्या यादीत एकही नाजूक जात नाही.

मायाचा रानकोंबड्याचा मुद्दा बरोबर आहे. पण त्यानंतर माणसाने निवडून जाती घडवल्या, हेही खरं. क्युबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रिड नावाच्या साधूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या हिवाळ्यासाठी मुद्दाम एक जात तयार केली, शांतक्लेर. लेगहॉर्न, कॉर्निश, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट आणि प्लिमथ रॉक असा संकर. तुरा आणि गळ्याखालची कातडी इतकी लहान की गोठायला फारसं काही उरतच नाही. माझ्या खुराड्यात निम्म्या त्याच आहेत.

झोजिला | ११ जानेवारी, सकाळी ६:२०

लडाखमध्ये नोकरीला होतो. तिथल्या जुन्या घरांत तळमजल्यावर जनावरं आणि वर माणसं. जनावरांची ऊब वर माणसांना मिळायची, माणसांचं घर जनावरांना वाऱ्यापासून आडोसा. वेगळा हीटर कसला! मिनेसोटात हे जमेलसं वाटत नाही, सूनबाई घर सोडून जाईल.

हिमगौरी | ११ जानेवारी, सकाळी ७:०२

सूनबाई मीच आहे. आणि हो, सोडून जाईन.

बदकांबद्दल कोणीच बोलत नाहीये. पेकिन दांडीवर बसत नाहीत, खालीच झोपतात. पाणी काढून घेतल्यापासून माझ्याकडे रागाने बघतायत. रात्रभर पाण्याशिवाय चालेल का? आणि काल उन्हात त्यांनी बर्फात लोळून घेतलं, पाय नारिंगी लखलखीत. त्यांना थंडी वाजत नाही का?

बदकमास्तर | ११ जानेवारी, सकाळी ९:१५

आलो! बदकांचा धागा आणि मला कोणी हाक मारली नाही.

मी व्हरमाँटमध्ये असतो, आणि स्पष्टच सांगतो, थंडीत बदक हा कोंबडीपेक्षा कितीतरी कणखर पक्षी आहे. तुरा नाही, चरबीचा थर आहे, लव दाट आहे, आणि शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ते तेल चोचीने पिसांवर फासलं की पाणी आतपर्यंत पोचत नाही. पायांचं गुपित असं: पायात जाणारी रक्तवाहिनी आणि परत येणारी रक्तवाहिनी चिकटून असतात. खाली जाणारं गरम रक्त आपली ऊब वर येणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं. म्हणजे पावलं जेमतेम गोठणार नाहीत इतकीच गरम राहतात आणि शरीराची ऊब बर्फात वाया जात नाही. तरीही उणे ३० ला त्यांना उघड्या बर्फावर उभं ठेवू नका. धान्याच्या वाळक्या काड्या (स्ट्रॉ) जाड अंथरा, ती पोकळ असते म्हणून खालून गारठा लागत नाही. वाळलेलं गवत (इंग्रजीत hay) मात्र नको, ते पाणी धरतं आणि बुरशी येते. बदक एक पाय पोटात घेऊन बसलेलं दिसलं तर ठीक. दोन्ही पाय लपवून दिवसभर हलतच नसेल, लंगडत असेल, तर बघा.

रात्रीचं पाणी: अन्नही काढून घेत असाल तर पाण्याशिवाय चालतं. खाणं आहे आणि पाणी नाही, हे मात्र कधीही करू नका. बदक कोरडा दाणा पाण्याशिवाय गिळू शकत नाही, घशात अडकतो. माझा क्रम असा: संध्याकाळी पोटभर खाणं-पाणी बाहेर, मग दोन्ही उचलायचं, मग आत. सकाळी दार उघडल्याबरोबर आधी पाणी.

भांडं इतकं खोल हवं की डोकं नाकपुड्या आणि डोळ्यांसकट बुडेल. नाकपुड्या धुतल्या नाहीत तर चिखल-दाण्याने बुजतात, डोळे चिकटतात. कोंबडीला उथळ ताटली पुरते, बदकाला नाही. मी कुत्र्यांसाठी मिळणारं विजेवर गरम होणारं खोल भांडं वापरतो, खाली मोठी परात आणि तिच्यात वाळूचे खडे, म्हणजे सांडलेलं पाणी जागच्या जागी झिरपतं. वीज गेली तर काळ्या रबराचं टब. त्यात बर्फ झाला की उलटं करून पायाने दाबा, वडीसारखा सुटून येतो. प्लास्टिकचं फुटतं.

आंघोळ: उणे ५ सेल्सियसच्या वर, उन्हात, वारा नसताना, दुपारी. त्याखाली नको. बाहेर आल्यावर पिसांवरचं पाणी झटकायच्या आत गोठतं. पण महिनोन्‌महिने आंघोळ बंद केली तर तेल फासायची सवय मोडते आणि पिसं पाणी शोषायला लागतात, म्हणून जरा ऊन पडलं की घमेलंभर तरी द्या.

कोणाकडे मस्कोव्ही जातीची बदकं असतील तर त्यांचं गणित वेगळं. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, उष्ण मुलखातली. चेहऱ्यावर लाल गाठी असतात आणि त्या तुऱ्यासारख्याच गोठतात. इंडियन रनर ही बदकाची जातही बारीक, चरबी कमी. पेकिन निर्धास्त.

पशुवैद्य_बाई | ११ जानेवारी, दुपारी १:३०

उत्तम प्रतिसाद. एकच भर: बदकं कोंबड्यांसोबत एकाच खुराड्यात असतील तर आर्द्रतेचा मोठा वाटा बदकांचा असणार. जागा असेल तर मधे आडवी फळी घालून खालचा कोपरा त्यांना वेगळा द्या, झडप त्या बाजूला.

आणि खाणं वाढवा. अंड्यावरची कोंबडी एरवी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते, कडाक्यात त्याहून बरंच जास्त. मका झोपायच्या आधी, तोही मूठभरच. रात्रभर तो पचताना ऊब मिळते, पण दिवसभर मकाच दिला तर प्रथिनं कमी पडतात. कोमट पाण्यात कालवलेली भरड सकाळी आवडीने खातात. ती अर्ध्या तासात संपेल इतकीच द्या, नाहीतर दगड होते.

खवचट_खोत | ११ जानेवारी, दुपारी २:०५

कोंबड्यांना सकाळी गरम नाश्ता, बदकांना गरम भांडं. मला आमच्या घरी चहा स्वतः करून घ्यावा लागतो.

हिमगौरी | १४ जानेवारी, रात्री १०:४०

आज उद्याची तयारी पूर्ण. फळी बसवली (पहिल्या रात्री कोणी चढेना, मावशी चढली मग सगळ्या). झडपा उघड्या. आर्द्रता ८८ वरून ६२ वर आली आहे, काचेवर बर्फ नाही. बदकांचा कोपरा वेगळा केला. जाळीच्या अंगणाला उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून पारदर्शक प्लास्टिक लावलं, बर्फात वाट उपसून तिच्यावर स्ट्रॉ टाकली, कारण कोंबड्या पांढऱ्या बर्फावर पायच ठेवत नाहीत. बदकं त्याच बर्फात घुसून बोगदे करतायत.

२०१९ च्या जानेवारीत मिनियापोलिसला उणे २८ फॅरनहाइट झालं होतं, तेव्हा आम्ही नुकते आलो होतो आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसले होते. या वेळी पहाटे साडेपाचला खुराड्यात जायचंय.

हिमगौरी | १६ जानेवारी, सकाळी ८:२५

बाहेर उणे २९, आत उणे १२. सगळे नऊच्या नऊ शाबूत. अंडी तीन, दोन तडकलेली, आतून गोठलेली.

पण एका लेगहॉर्नच्या तुऱ्याची मागची दोन टोकं पांढरट, मेणासारखी झाली आहेत. बाई, काय करू? चोळू का?

पशुवैद्य_बाई | १६ जानेवारी, सकाळी ८:३३

चोळू नका! आत बर्फाचे कण असतात, चोळल्याने पेशी फाटतात. हेअर ड्रायर नको, शेगडीजवळ नको.

तिला गॅरेजमध्ये पेटीत ठेवा. पुन्हा गोठणार नाही अशी खात्री असेल तरच ऊब द्या. मऊ फडकं कोमट पाण्यात (कोपराला सोसेल असं, ३८-४० अंश) भिजवून नुसतं टेकवून धरा, पंधरा-वीस मिनिटं, पिसं भिजू न देता. मग टिपून कोरडं करा. पुढच्या काही दिवसांत टोकं काळी पडतील. कापू नका, सोलू नका, ती खालच्या जिवंत भागाचं रक्षण करतात आणि आपोआप गळतात. सूज, पाणी, घाण वास आला तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कोंबड्या काळ्या टोकाला टोचतात, म्हणून वेगळी ठेवा.

माया_ओहायो | १६ जानेवारी, सकाळी ९:१०

मी काही बोलत नाही. पण पॅनेल असता तर...

विनिपेगकर | १६ जानेवारी, सकाळी ९:२२

लेगहॉर्नचा तुरा उणे २९ ला पॅनेलपासून दोन फुटांवरही गेला असता. पण मान्य, एवढ्या मोठ्या तुऱ्याच्या कोंबडीसाठी मी तुझ्याशी भांडणार नाही.

हिमगौरी | १९ जानेवारी, संध्याकाळी ५:५०

थंडी ओसरली, आज उणे ४ म्हणजे उन्हाळाच. लेगहॉर्न गॅरेजमध्ये मजेत आहे, टोकं काळी पडली, सूज नाही.

आता दुसरा विषय. अंडी जवळपास बंद आहेत. दिवा लावून उजेड वाढवावा का? (लाल बल्ब नाही, साधा!)

निफाडचा_पाटील | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

आमचं शेड असेल तर १६ तास उजेड देतोच, तो धंदा आहे. तुमच्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. अंडं घालायला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. छोटा एलईडी पहाटे टायमरवर लावा, संध्याकाळी नको, एकदम अंधार झाला तर दांडीवर चढता येत नाही. पण परसातल्या कोंबडीला हिवाळ्यात विश्रांती मिळाली तर बिघडत काहीच नाही. तिला सगळी ताकद ऊब राखायला लागतेय.

बदकमास्तर | १९ जानेवारी, रात्री ८:००

तळं गोठलं की रानबदकं उघडं पाणी शोधत फिरतात आणि तुमचं गरम भांडं त्यांना दिसतं. मिनेसोटात २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ पासून बर्ड फ्लूने काय झालं ते ठाऊक असेलच, टर्कीचं सगळ्यात मोठं राज्य तुमचं. बदकाला लागण झाली तरी ते आजारी दिसेलच असं नाही. भांडं वरून झाकलेल्या भागात ठेवा, खुराड्याचे बूट वेगळे ठेवा.

नवी_पाखरं | २१ जानेवारी, सकाळी ११:३०

धागा अख्खा वाचला, वाचनखुणेत टाकला. आम्ही ओंटारिओत मार्चमध्ये सुरू करतोय. जाळी कोणती घ्यावी? दुकानात षटकोनी स्वस्त आहे.

लाकूडतोड्या | २१ जानेवारी, दुपारी १२:१०

षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, बाकीच्यांना बाहेर ठेवत नाही. रॅकून (हातासारखे पंजे असलेला इथला निशाचर प्राणी) ती हाताने ओरबाडून फाडतो. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी घ्या, वीझल (मुंगसासारखा सडपातळ शिकारी प्राणी) त्याहून मोठ्या भोकातून शिरतं. खालून फूटभर जमिनीत पुरा किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून खिळा, मार्चमध्ये माती गोठलेली असेल तर दुसरंच सोपं पडेल. आणि दाराला साधी कडी नको, रॅकूनला ती उघडता येते. कडीत कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात तो स्प्रिंगचा हुक) अडकवा.

नवी_पाखरं | २१ जानेवारी, दुपारी १२:१८

धन्यवाद. झडपांनाही हीच जाळी ना?

लाकूडतोड्या | २१ जानेवारी, दुपारी १२:२१

हीच. आतून स्क्रू आणि मोठे वॉशर, स्टेपल नाही.